तेवीस वह्या आणि तेऱ्याचं पान

ज्या पाड्यावर आम्ही गेलो होतो त्याचं नाव मी सांगणार नाही. पेठच्या पुढे, घाट उतरल्यावर, डाव्या हाताला, एवढं पुरे. नाव सांगितलं की आमच्या शहरातल्या गंगापूर रोडवरचे निसर्गप्रेमी रविवारी गाड्या काढून, पिशव्या घेऊन रानभाज्या तोडायला निघतील. तिथल्या लोकांना मी एकटाच पुरून उरलो आहे.

निघण्याआधी

मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्या सुमाराला पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. जो विषय कुणालाच नको असतो तो विज्ञानाच्या मास्तरकडे येतो, या जुन्या नियमाने तो माझ्याकडे आला. मी तो मनापासून शिकवला, पण फळ्यावर. पानांचे प्रकार, मुळांचे प्रकार, आणि हिरव्या खडूचं जंगल. वर्गाच्या खिडकीत एका झाडाची फांदी आत यायची. तिच्या सळसळीने मुलांचं लक्ष उडतं म्हणून मी तास सुरू करण्याआधी ती खिडकी लावून घ्यायचो. एकदा सातवीतल्या तेजसने विचारलं, "सर, हे खिडकीतलं झाड कुठलं?" मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "ते अभ्यासक्रमात नाही."

या उत्तराची लाज वाटायला मला तीन आठवडे लागले. वाटली तेव्हा मात्र चांगलीच वाटली, आणि मी अर्ज लिहून मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, गेलो. मागणी साधी होती. दर शनिवारचे शेवटचे दोन तास सातवीला वर्गाबाहेर न्यायचं, झाडाखाली, नदीवर, मळ्यात, कुठेही. अडचण अशी होती की तेच दोन तास गणिताच्या जादा वर्गाने आधीच मागून ठेवले होते.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "आधी तीन दिवस कुठेतरी नेऊन आणा. मुलं काय शिकली ते मला दिसलं पाहिजे. दिसलं तर शनिवार तुमचा, नाही तर गणिताचा."

"दिसेल बाई," मी छाती पुढे काढून म्हणालो. "वहीत दिसेल."

आपल्या हाताने खड्डा खणणं म्हणतात ते हेच. मी लगेच कोऱ्या वह्या आणवल्या. प्रत्येक मुलाने वीस वनस्पतींची पानं चिकटवायची, खाली मराठी नाव, त्याखाली शास्त्रीय नाव, उजव्या कोपऱ्यात माझी सही. पालकांची संमती मिळालेली मुलं बावीस होती, म्हणून वह्या बावीस. तेविसावी वही मी स्वतःसाठी घेतली, मुलांना नमुना दाखवायला. तिला मी तपकिरी कव्हर घातलं आणि 'आदर्श वही' असं ठळक अक्षरात लिहिलं. सोबत खेळाच्या पाटीलबाई येणार होत्या. त्यांनी डिंकाच्या बाटल्यांचं खोकं पाहिलं आणि विचारलं, "सर, आपण रानात चाललोय की पोस्टात?"

घाट उतरून

सावळघाटात ढग बसच्या खिडकीतून आत आले तेव्हा मुलं गप्प झाली. मी मात्र झालो नाही. ढग कसे तयार होतात हे मी उभं राहून सांगत होतो, तेवढ्यात ड्रायव्हरने वळण घेतलं आणि मी थेट डिंकाच्या खोक्यावर बसलो. दोन बाटल्या फुटल्या. पुढचे तीन दिवस माझ्या पँटला जे जे चिकटलं त्याची नोंद केली असती तर ती वीस वनस्पतींच्या वर गेली असती.

पाड्यावरची शाळा म्हणजे एक खोली आणि एक पडवी. पहिली ते चौथी सगळे वर्ग एकटे गावित गुरुजी शिकवायचे. ते त्याच पाड्यावरचे. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची शाळा भरलेली होती, पण खोलीत कुणी नव्हतं. चौथीची मुलं बांधावर बसून खाचरातल्या भाताच्या रोपांच्या ओळी मोजत होती आणि एका ओळीतल्या रोपांनी गुणत होती. दुसरीची मुलं करंजाच्या बियांची वजाबाकी करत होती. मी गुरुजींना सहानुभूतीने म्हणालो, "तक्ते नाहीत वाटतं तुमच्याकडे?"

"होते," गुरुजी म्हणाले. "पावसात भिजले. मग बाहेरच बसायला लागलो."

मी माझ्याकडचे तक्ते उदारपणे बाहेर काढले. संध्याकाळी पाड्यावरचे लोक पडवीत जमले, तेव्हा 'निसर्ग वाचवा' या विषयावर त्यांना पाऊण तास भाषण दिलं. दिवसभर आवणी करून, म्हणजे चिखलात वाकून भाताची रोपं लावून, ती माणसं आली होती. वनस्पती विनाकारण तोडू नयेत, निसर्गाकडून गरजेपुरतंच घ्यावं, असं मी त्यांना बजावून सांगितलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा बसल्या बसल्या झोपले. भाषण संपल्यावर रंगूबाई उठल्या. आमचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. चाळिशीच्या, काटक आणि कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "लय चांगलं सांगितलं गुरुजी. आता जेवा."

नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि मिरचीचा ठेचा. आमच्या मुलांनी नागलीची भाकरी आधी संशयाने पाहिली. काळपट आहे, जळली का, अशी कुजबुज झाली. मग एकाने खाल्ली आणि रंगूबाईंना तीनदा पीठ मळावं लागलं. मी मात्र रानभाजीची वाट पाहत होतो. येताना डोंगर हिरवागार दिसला होता, बांधाबांधाला कोवळी पालवी होती.

"रानभाजी नाही का केली?" मी विचारलं.

"नाय अजून," रंगूबाई म्हणाल्या.

मी समजलो की बाईंना अजून उगवलेली दिसली नसावी. जन्मभर त्याच बांधावरून चालणाऱ्या बाईंना दिसली नाही, आणि बसच्या खिडकीतून मला दिसली! "उद्या सकाळी मी दाखवतो तुम्हाला," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

बांधावर

सकाळी पाडा खाचरांत उतरला आणि मी बावीस मुलांना घेऊन बांधावर चढलो. तेरा ही अळूच्या जातीची रानभाजी तिथे रांगेने उगवली होती. हाताच्या पंजाएवढी, पाण्याचे थेंब पेलून धरलेली पानं. शेजारी कुर्डू, टाकळा, कुठे झुडपावर चढलेली करटोलीची वेल. मी नवरदेवासारखा खूश झालो.

"घ्या," मी म्हणालो. "प्रत्येकाने प्रत्येक जातीचं एक पान. कोवळं घ्या, चांगलं चिकटतं."

कविता नावाची मुलगी तशीच उभी राहिली. ती मखमलाबादची, त्यांचा भाजीचा मळा आहे. वर्गात ती कधी बोलायची नाही, आणि मीही तिला कधी विचारायचो नाही.

"सर, कुणाला विचारायचं का आधी? आमच्या मळ्यात कुणी न विचारता मेथीची काडी जरी तोडली तरी बाबा बांधावरून हाक मारतात."

"अगं, हा मळा नाही, रान आहे," मी हसून म्हणालो. "रानाला कोण मालक?"

तिने पान तोडलं, पण सगळ्यात शेवटी. तासाभरात बांध ओका झाला. बावीस मुलं आणि एक आदर्श शिक्षक, म्हणजे तेऱ्याचीच तेवीस पानं. मुलं शाळेच्या पडवीत बसून चिकटवू लागली. हे खाण्याजोगं आहे हे सिद्ध करायला मी तेऱ्याचा एक देठ दातांनी तोडला आणि चावला.

ज्यांनी कच्चं अळू कधी खाल्लं नाही त्यांनी खाऊ नये. पहिल्या मिनिटाला काही झालं नाही. दुसऱ्याला घशात कुणीतरी सुयांची पुडी सोडल्यासारखं वाटलं. तिसऱ्याला माझी जीभ सुजली आणि मी मुका झालो. माझ्या आयुष्यात मी मुका असण्याची सगळ्यात जास्त गरज नेमकी त्याच वेळी होती, हे मला नंतर कळलं. कारण तेवढ्यात रंगूबाई न्याहारी घेऊन आल्या. त्यांनी वह्या पाहिल्या. टोपली खाली ठेवली.

"कुनी तोडला?"

मी हातवारे करून काहीतरी सांगू लागलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. जवळच्या तेजसला विचारलं, "भूक लागली व्हती काय?"

"नाही."

"मंग तोडला कशाला?"

"वहीत चिकटवायला."

"चिकटवून काय करायचा?"

"सरांना दाखवायचा."

रंगूबाईंनी बांधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं. "तितं उभा व्हता, तवा सरांना दिसत नव्हता काय?"

मुलं हसली नाहीत. मी तर हसूच शकत नव्हतो.

गावित गुरुजी धावत आले आणि त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पाड्याची रीत अशी होती की नवी भाजी उगवली तरी कुणी तोडायची नाही. चार दिवसांनी सगळा पाडा मिळून तेऱ्याची पूजा करणार होता. गावदेवाच्या दगडापाशी प्रत्येक भाजीचं एकेक पान ठेवायचं, मग घरोघर शिजवायचं. तोवर घरात नुसती मीठ-भाकरीच असली तरी कुणी बांधाला हात लावत नाही. "कोवळं असताना खुडलं तर पुढे वाढत नाही, सर. देव आधी खातो म्हटलं की माणूस थांबतो. मला लहानपणी हेच सांगितलं, मी मुलांना हेच सांगतो."

म्हणजे आदल्या संध्याकाळी मी ज्यांना गरजेपुरतंच घ्या म्हणून पाऊण तास बजावलं, ते लोक आपल्याच बांधावरची भाजी समोर असताना कोरडी भाकरी खात होते. आणि सकाळी उठून मी ती खुडली होती. डिंकासाठी.

पडवीत

दुपारी खाचरांतून माणसं वर आली. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. आपसात ते त्यांच्या बोलीत बोलत होते, मला अर्धं कळत होतं. शेवटी काल झोपलेले आजोबा माझ्याकडे वळले. तोडलेलं परत लागत नाही, पण देवाच्या आधी माणसाकडे राहायलाही नको, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून पूजा चार दिवसांनी होती ती उद्या सकाळीच करायची. आवणीचा अर्धा दिवस बुडेल, बुडू दे. ज्याने जे तोडलं ते त्याने देवापाशी आणून ठेवायचं. आणि कुठून तोडलं ते देवाला सांगायचं.

आवणीच्या दिवसांत अर्धा दिवस म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोराला विचारा. माझ्यासाठी चाळीस माणसं तो सोडत होती.

आणि मी काय केलं? लाज वाटते, पण प्रवास लिहायचा तर सगळाच लिहायला हवा. मी पाटी घेतली, कारण आवाज नव्हता, आणि तिच्यावर गुरुजींसाठी लिहिलं: 'एका वहीतली पानं देवाला दिली तर चालेल का? बाकी वह्या शाळेत दाखवायच्या आहेत.' म्हणजे एक संच देवाला आणि बावीस संच मोठ्या बाईंना. माझ्या डोळ्यांसमोर शनिवार गणिताकडे चाललेला दिसत होता.

गुरुजींनी पाटी वाचली आणि पालथी ठेवली. पण कविताने ती आधीच वाचली होती. ती उठली, आपली वही मांडीवर घेतली आणि नखाने तेऱ्याचं पान हळूहळू सोडवू लागली. डिंक ओला होता. पान बरंचसं निघालं, थोडं कागदावरच राहिलं. मग टाकळा, मग कुर्डू. तेजसने तिच्याकडे पाहून आपली वही उघडली. पाच मिनिटांत पडवीभर पानं सोडवण्याचाच आवाज होता. पाटीलबाईंनी माझी आदर्श वही माझ्या मांडीवर आणून ठेवली. "सर, तुमची राहिली," एवढंच म्हणाल्या.

मग रंगूबाई मुलांना म्हणाल्या, "चला, कुटनं तोडला ते दाखवा. देवाला काय सांगनार?" आणि त्या बावीस मुलांना घेऊन बांधावर गेल्या. प्रत्येकाला आपण खुडलेला देठ शोधायचा होता. मी गेलो नाही. मला चिंचेचं पाणी दिलं होतं आणि मी त्याच्या गुळण्या करत पडवीत बसलो होतो. लांबून दिसत होतं ते एवढंच, की मुलं वाकून वाकून बघताहेत, रंगूबाई काहीतरी दाखवताहेत, कुणीतरी पान चोळून वास घेतंय. दोन तास गेले. एवढा वेळ माझ्या कुठल्याही तासाला कुणी टिकलं नव्हतं.

देवापाशी

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. गावदेव म्हणजे झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड. आजोबांनी पाड्यातर्फे पानं ठेवली, मग आमची मुलं एकेक करून पुढे गेली.

"मी टाकळा तोडला. वाटेच्या वळणावर, गायी पाणी पितात तिथला. रात्री त्याची पानं मिटतात."

"मी तेरा तोडला. दुसऱ्या बांधाला, खेकड्याच्या बिळाशेजारी. त्याचा देठ काळसर होता. काळ्या देठाचा कमी खाजतो."

हे तेजस बोलत होता, ज्याला माझ्या विषयात पस्तीस गुण ओढूनताणून मिळायचे. कुणी त्याला पाठ करायला सांगितलं नव्हतं. देवाला खोटं सांगायचं नाही, एवढंच सांगितलं होतं.

शेवटी मी. आवाज थोडा परतला होता. मी पानं ठेवली आणि घोगऱ्या आवाजात तेऱ्याचं शास्त्रीय नाव सांगितलं, "कोलोकेशिया."

"कुटनं?" आजोबांनी विचारलं.

मी हात लांब करून डोंगराकडे दाखवलं. "तिकडून."

"तिकडं म्हंजे कुटं? देवानं कुटं शोधायचा?"

मला सांगता येईना. मी पान तोडताना पानाकडे पाहिलंच नव्हतं, आदर्श वहीत ते कुठे बसेल हे पाहिलं होतं. मागून कविताचा बारीक आवाज आला, "सरांचं मोठ्या दगडाच्या मागचं. दोन फुटवे होते, सरांनी मोठा घेतला." आजोबांनी मान हलवली. मी हात जोडले, आणि खरं सांगतो, तेव्हा मला रडू आलं. लोकांना वाटलं घसा खाजतोय.

मग घरोघर तेरा शिजला. चिंचेचा आंबटपणा घालून, चांगला घोटून. रंगूबाईंनी पहिला घास मला दिला आणि बाजूला उभ्या राहून पाहत होत्या, खातो का पळतो. मी खाल्ला. तशी भाजी मी पुन्हा कधी खाल्ली नाही. नंतर बस येईपर्यंत मुलं खाचरात उतरली, बुडालेल्या अर्ध्या दिवसाची थोडी भरपाई म्हणून. त्यांनी लावलेल्या ओळी इतक्या वाकड्या होत्या की गावित गुरुजी म्हणाले, चौथीला यावर्षी गुणाकार अवघड जाणार.

परत गंगापूर रोडला

सोमवारी मोठ्या बाईंच्या टेबलावर तेवीस वह्यांचा गठ्ठा होता आणि समोर बावीस मुलं आणि मी. बाईंनी पहिली वही उघडली. पानावर डिंकाचा डाग, त्यात हिरवट तुकडे, खाली नावही लिहायचं राहिलेलं. दुसरं पान, तसंच. दुसरी वही, तशीच.

"यात काय आहे सर?"

मी तयार केलेलं भाषण घशातच राहिलं. तेव्हा तर घसा बराही झाला होता. "काही नाही बाई," मी म्हणालो. "पानं होती. परत करावी लागली. चूक माझी होती." आणि मी सगळं सांगून टाकलं, पाटीवरच्या वाक्यासकट. गणिताचे सर दारात येऊन उभे होते. शनिवार गेला, हे मी धरूनच चाललो.

बाईंनी तेजसची वही हातात घेतली आणि एका डागावर बोट ठेवलं. "इथे काय होतं?"

"तेरा, बाई. काळ्या देठाचा. खेकड्याच्या बिळाजवळ होता."

"आणि इथे?"

"टाकळा. तो आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीलाही आहे, बाई. मी काल बघितला."

बाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. दुसरी वही, तिसरी, दहावी. डागावर बोट ठेवायच्या आणि मूल सांगायचं, आकार, वास, कुठे उभं होतं, कशाशेजारी. एक मुलगी तर डोळे मिटून सांगत होती. अर्धा तास झाला. गणिताचे सर दारातून केव्हा गेले कळलं नाही.

गठ्ठ्याच्या तळाशी तपकिरी कव्हरची वही होती. बाईंनी ती उघडली. डागांखाली माझ्या सुंदर अक्षरात शास्त्रीय नावं होती. त्यांनी तळहाताने नावं झाकली आणि पाचव्या पानावरच्या डागाकडे बोट केलं.

"सर, इथे काय होतं?"

मी डागाकडे पाहिलं. डागाने माझ्याकडे पाहिलं.

"बाई," कविता म्हणाली, "सरांचं मी सांगू?"

बाईंनी तिला सांगू दिलं. मग माझा अर्ज काढला, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि माझ्याकडे सरकवला. दर शनिवारी शेवटचे दोन तास, वर्गाबाहेर, मंजूर. सोबत शिक्षिका : पाटीलबाई. विद्यार्थी : तेवीस.

"बाई," मी म्हणालो, "मुलं बावीस आहेत."

"वह्या तेवीस आहेत," त्या म्हणाल्या, आणि तपकिरी वही माझ्या हातात दिली.